प्लीहावृद्धी, श्वेतपेशी आणि निदानाचा क्रम
क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया व तत्सम रक्तविकारांची ओळख आणि वर्गीकरण

डाव्या कुशीत जडपणा, थोडे खाल्ले तरी पोट भरल्याची भावना, बलहानी, वजन घटणे आणि अधूनमधून येणारा स्वेद, एवढ्या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. उदरपरीक्षण करताना डाव्या पर्शुकांखाली प्लीहा हाताला लागते आणि चिकित्सकाच्या मनात प्लीहोदराचे प्रकरण उभे राहते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात हे वर्णन फार नेमके केले आहे. डाव्या बाजूची प्लीहा प्रथम अष्ठीलेसारखी कठीण लागते आणि वाढत जाऊन कासवाच्या पाठीसारखा आकार घेते, असे ते सांगतात. हे वर्णन आजही शय्येजवळ जसेच्या तसे पडताळता येते. मात्र प्लीहा का वाढली, या प्रश्नाचे उत्तर केवळ हाताने मिळत नाही. हिवताप, काळा आजार, यकृताच्या काठिण्यामुळे प्रतिहारिणी शिरेत वाढलेला दाब, थॅलेसेमिया, विदर्भ व नंदुरबारच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल विकार आणि रक्ताचे कर्करोग ही सर्व कारणे त्या एकाच कठीण स्पर्शामागे दडलेली असू शकतात.

प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका व्याधीचा, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया अर्थात सी.एम.एल.चा, निदान व वर्गीकरणाच्या अंगाने विचार केला आहे. हा व्याधी निवडण्याचे कारण असे की रक्ताच्या कर्करोगांत ज्याचे मूळ सर्वांत स्पष्टपणे उलगडले आहे आणि ज्याच्यावर नेमके औषध उपलब्ध आहे, असा हा व्याधी आहे. वेळेत निदान झालेला रुग्ण आज दीर्घायुष्याची आशा बाळगू शकतो. वेळ दवडली तर तोच व्याधी असाध्यतेकडे जातो. हे दोन्ही मार्ग पुष्कळदा पहिल्या चिकित्सकाच्या दारातूनच फुटतात. तो पहिला चिकित्सक अनेक गावांत वैद्य असतो किंवा औषधालयाचा चालक असतो.

नाव देण्याचे प्रयोजन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अठराव्या अध्यायात, एक मोठा धीर देणारा विचार आहे. प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्व विकारांना निश्चित नामे नसतात. दोष, अधिष्ठान आणि हेतू जाणून चिकित्सा करावी, असा त्याचा आशय आहे. काही जण या वचनाचा आधार घेऊन अर्वाचीन निदानाची गरजच नाकारतात. माझ्या मते हा अर्थविपर्यास आहे. वचनातील भर नाव टाळण्यावर नाही, तर नावामागची प्रकृती, अधिष्ठान आणि समुत्थान शोधण्यावर आहे. सी.एम.एल.मध्ये अधिष्ठान अस्थिमज्जा आहे, विकृती मूलपेशीच्या गुणसूत्रात आहे आणि ती विकृती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाखवता येते. ती शोधणे हे त्या वचनाचे पालनच होय.

इतिहासाचा धागा

१८४५ साली एडिंबरा येथील जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथील रुडॉल्फ फिर्खो यांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांची प्लीहा प्रचंड वाढली होती आणि ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे आधिक्य होते. फिर्खो यांनी १८४७ मध्ये या विकारास ल्युकेमिया, म्हणजे पांढरे रक्त, हे नाव रूढ केले. पुढे अर्न्स्ट नॉयमान यांनी रक्तपेशींची उत्पत्ती अस्थिमज्जेत होते हे दाखवून दिले आणि विकाराचे अधिष्ठान प्लीहेतून मज्जेकडे सरकले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रुग्णांना फाउलरचे द्रावण, म्हणजे सोमलाचे एक द्रावण, दिले जाई. त्याने श्वेतपेशींची संख्या काही काळ उतरत असे. पुढे प्लीहेवर किरणोपचार आले आणि १९५०च्या दशकात बुसल्फान आले. या उपायांनीही आकडे खाली येत, रुग्णाला बरे वाटे; पण काही वर्षांत व्याधी उग्र रूप धारण करीत असे. रसौषधींचा वापर करणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा इतिहास बोधप्रद आहे. श्वेतपेशी कमी झाल्या म्हणजे व्याधी शमला, असे सी.एम.एल.मध्ये म्हणता येत नाही.

१९६० साली फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. त्या शहरावरून त्यास फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये शिकागोच्या जेनेट राउली यांनी सिद्ध केले की ते केवळ तुटलेले गुणसूत्र नाही. ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या अदलाबदलीत नवव्या गुणसूत्रावरील एबीएल हे जनुक बाविसाव्यावरील बीसीआर या जनुकाला जोडले जाते. या संयुक्त जनुकापासून तयार होणारे टायरोसिन कायनेज हे प्रथिन सतत कार्यरत राहते आणि पेशीला अखंड वाढीचा आदेश देत राहते. जो आदेश गरजेपुरता दिला जावा तो कधी थांबतच नाही, अशी ही संप्राप्ती आहे.

हेतूच्या बाबतीत एवढेच निश्चित म्हणता येते की आयनीकारक किरणोत्सर्ग हा ज्ञात हेतू आहे. १९४५च्या हिरोशिमा व नागासाकी येथील वाचलेल्या लोकांत हा व्याधी अधिक आढळला. बहुसंख्य रुग्णांत मात्र कोणताही हेतू सापडत नाही. हा विकार मातापित्यांकडून अपत्याकडे जात नाही आणि संसर्गजन्यही नाही. रुग्णाच्या घरातील विवाहेच्छू मुलामुलींच्या दृष्टीने हे वाक्य स्पष्टपणे सांगणे आवश्यक असते.

रक्ततपासणीचे वाचन

अनेक रुग्णांत कोणतीही तक्रार नसते. अन्य कारणाने केलेल्या रक्ततपासणीत श्वेतपेशी वाढलेल्या दिसतात. म्हणून साधा सी.बी.सी. अहवाल काळजीपूर्वक वाचणे हे पहिले कौशल्य होय. उदाहरणादाखल पुढील अहवाल घेऊ. हिमोग्लोबिन १०.४ ग्रॅम, एकूण श्वेतपेशी १,४८,०००, प्लेटलेट ५.२ लाख. श्वेतपेशींच्या विभागणीत न्यूट्रोफिल ४२, बँड पेशी १२, मेटामायलोसाइट ९, मायलोसाइट २०, प्रोमायलोसाइट ३, ब्लास्ट १, बेसोफिल ६, इओसिनोफिल ३, लिम्फोसाइट ३ आणि मोनोसाइट १ टक्का.

या अहवालात तीन गोष्टी बोलतात. पहिली, अपरिपक्व ते परिपक्व अशी मायलॉइड पेशींची संपूर्ण मालिका रक्तात उतरली आहे आणि तीत मायलोसाइट पेशींचा स्वतंत्र उंचवटा आहे. दुसरी, बेसोफिल वाढले आहेत. एरवी ते एक-दोन टक्क्यांच्या आत असतात. तिसरी, ब्लास्ट पेशी अत्यल्प आहेत. तीव्र ल्युकेमियात चित्र उलट असते. तेथे ब्लास्ट पेशींचा भरणा असतो आणि मधल्या पायऱ्या रिकाम्या असतात.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. लहान प्रयोगशाळांतील काही यंत्रे श्वेतपेशींची केवळ तीन गटांत विभागणी करतात आणि सर्व मायलॉइड पेशी एकाच रकान्यात जातात. त्यामुळे श्वेतपेशी लक्षणीय वाढलेल्या असतील तर रक्ताची काच विकृतिशास्त्रज्ञाने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, अशी चिठ्ठीत स्पष्ट सूचना लिहावी.

गंभीर संसर्गातही श्वेतपेशी ५०,००० किंवा त्याहून वर जाऊ शकतात. यास ल्युकेमॉइड प्रतिक्रिया म्हणतात. तेथे ज्वर किंवा संसर्गाचे अन्य स्थान सापडते, न्यूट्रोफिलमध्ये विषज कण दिसतात, बेसोफिल वाढत नाहीत आणि न्यूट्रोफिल अल्कलाइन फॉस्फटेजचा अंक वाढलेला असतो. सी.एम.एल.मध्ये हाच अंक कमी असतो. तथापि अंतिम निर्णय या अंकावर सोडण्याचे दिवस आता संपले आहेत.

निश्चितीची परीक्षणे

सी.एम.एल. हे निदान बीसीआर-एबीएल सापडल्याविना करता येत नाही. त्यासाठी तीन मार्ग आहेत. गुणसूत्रांचे प्रत्यक्ष परीक्षण, म्हणजे कॅरियोटायपिंग. चमकणाऱ्या रंजकांनी जनुकांची जोडणी दाखवणारे फिश परीक्षण. आणि संयुक्त जनुकाचा संदेश शोधणारे पी.सी.आर. परीक्षण. सुमारे ९५ टक्के रुग्णांत फिलाडेल्फिया गुणसूत्र कॅरियोटायपिंगमध्ये दिसते. उरलेल्यांत ते लपलेले असते आणि फिश किंवा पी.सी.आर.ने उघड होते. पी.सी.आर. शिरेतील रक्तावर होते. अस्थिमज्जापरीक्षणाची गरज मात्र त्यामुळे संपत नाही, कारण व्याधीची अवस्था आणि गुणसूत्रांतील अतिरिक्त बिघाड त्यातूनच कळतात.

वैद्याच्या हाताचे महत्त्वही येथे कमी होत नाही. १९८४ पासून वापरात असलेल्या सोकल गणनेत रुग्णाचे वय, प्लेटलेट, ब्लास्टचे प्रमाण आणि पर्शुकांखाली प्लीहा किती सेंटिमीटर लागते या चार गोष्टींवरून धोका ठरतो. उपचारापूर्वी टेपने मोजून लिहिलेली प्लीहेची नोंद नंतर कोणालाच मिळवता येत नाही. रुग्णास पुढे पाठवताना चिठ्ठीत ती अवश्य लिहावी.

अवस्थांचे वर्गीकरण

परंपरेने या व्याधीच्या तीन अवस्था मानल्या जातात : मंद गतीची जीर्णावस्था, वेगावस्था आणि ब्लास्ट अवस्था. रक्तात किंवा मज्जेत ब्लास्ट पेशी २० टक्के वा अधिक झाल्या की ब्लास्ट अवस्था समजावी. त्या वेळी व्याधी तीव्र ल्युकेमियाप्रमाणे वागतो. २०२२ साली दोन वर्गीकरणे प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या आवृत्तीने वेगावस्था हा स्वतंत्र टप्पा वगळला आणि जीर्णावस्थेतील धोक्याच्या खुणांवर भर दिला. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय सहमती वर्गीकरणाने मात्र वेगावस्था कायम ठेवली. ब्लास्ट १० ते १९ टक्के, रक्तात बेसोफिल २० टक्के वा अधिक, किंवा ठरावीक अतिरिक्त गुणसूत्रविकृती हे तिचे निकष आहेत. म्हणून एकाच रुग्णाच्या दोन अहवालांत शब्द वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नये. कोणते वर्गीकरण वापरले आहे हे विचारावे.

भावंड व्याधी

विल्यम डॅमशेक यांनी १९५१ मध्ये मज्जेतील पेशींच्या अतिवृद्धीचे विकार एका कुटुंबात मांडले. आज त्यांचे विभाजन असे करता येते.

पॉलिसायथेमिया व्हेरा : रक्तकणांचे आधिक्य. पुरुषात हिमोग्लोबिन १६.५ पेक्षा व स्त्रीत १६ पेक्षा अधिक. चेहऱ्यावर लाली, स्नानानंतर कंडू, शिरांत गुठळ्या. जवळजवळ सर्वच रुग्णांत २००५ साली शोधलेली जेएके२ जनुकाची विकृती आढळते.

इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया : प्लेटलेट सातत्याने ४.५ लाख वा अधिक. जेएके२, कॅलरेटिक्युलिन किंवा एमपीएल या जनुकांपैकी एखाद्यात विकृती. लोहन्यूनता व जीर्ण शोथ यांतही प्लेटलेट वाढतात, हे प्रथम वगळावे.

प्रायमरी मायलोफायब्रोसिस : मज्जेत तंतूंची वाढ. प्लीहा सर्वांत मोठी येथे लागू शकते. रक्तकण अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे दिसतात आणि सुईने मज्जा ओढता येत नाही.

क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया : वृद्धांत मोनोसाइट पेशींची सतत वाढ, बीसीआर-एबीएल नसते.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया : नावात साम्य, कुळ मात्र वेगळे. येथे परिपक्व लिम्फोसाइट ५,००० हून अधिक असतात, ग्रंथी वाढतात आणि निदान फ्लो सायटोमेट्रीने होते. काही रुग्णांत लगेच औषध द्यावे लागत नाही, केवळ निरीक्षण पुरते.

तीव्र ल्युकेमियाचे दोन मुख्य गट मायलॉइड आणि लिम्फॉइड. फिलाडेल्फिया गुणसूत्र काही प्रौढ लिम्फॉइड रुग्णांतही आढळते, म्हणून केवळ त्या एका खुणेवर सी.एम.एल. हे नाव देता येत नाही.

वर्गीकरण औषध ठरवते याची दोन उदाहरणे आपल्या शास्त्राच्या फार जवळची आहेत. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, जेथे १५ आणि १७ या गुणसूत्रांची अदलाबदल असते, आर्सेनिक ट्रायऑक्साइड आज प्रमुख औषध आहे. परंतु सोमल एका ल्युकेमियात उपयोगी पडतो म्हणून मल्लकल्प सर्व ल्युकेमियांत द्यावेत, हा तर्क घातक आहे. त्या एका विकाराच्या विशिष्ट प्रथिनावर त्याचे कार्य आहे आणि मात्रा रुग्णालयातील देखरेखीखाली ठरते. दुसरे उदाहरण रक्तमोक्षणाचे. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये शिरेतून रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवणे ही मान्य चिकित्सा आहे. सुश्रुताचार्यांनी प्लीहोदरात वाम बाहूतील सिरावेध सांगितला आहे. तथापि सी.एम.एल. किंवा मायलोफायब्रोसिसच्या रुग्णात, निदान न करता, केवळ प्लीहा लागते म्हणून सिरावेध किंवा जलौकावचारण करणे युक्त नाही. तेथे पांडुता वाढेल व रक्तस्राव आवरणे कठीण जाईल. मोठ्या प्लीहेवर मर्दन तर कधीही करू नये.

साध्यासाध्यत्व बदलले, कसे?

बीसीआर-एबीएलच्या कप्प्यात नेमके बसून त्याचे कार्य थांबवणारे इमॅटिनिब हे औषध १९९८ पासून रुग्णांत तपासले गेले आणि २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. मूळ चाचणीतील रुग्णांच्या सुमारे ११ वर्षांच्या पाठपुराव्यात इमॅटिनिब गटातील दहा वर्षांचे एकूण जीवितत्व ८३.३ टक्के नोंदले गेले. पुढे डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब, पोनाटिनिब आणि ॲसिमिनिब आले. भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा इमॅटिनिबच्या विशिष्ट स्फटिकरूपावरील पेटंटचा दावा फेटाळला; त्यामुळे देशी कंपन्यांचे स्वस्त इमॅटिनिब उपलब्ध राहिले.

उपचाराचे यश पी.सी.आर.च्या आंतरराष्ट्रीय मापनाने पाहतात. तीन महिन्यांत बीसीआर-एबीएल १० टक्के वा कमी, सहा महिन्यांत १ टक्का वा कमी आणि बारा महिन्यांत ०.१ टक्का वा कमी, हे अपेक्षित टप्पे आहेत. श्वेतपेशी पहिल्या काही आठवड्यांतच प्राकृत होतात आणि येथेच मोठी फसगत होते. रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. गोळी महाग वाटते, पायांत वांब येतात, डोळ्यांभोवती सूज येते, आणि कोणीतरी सांगते की आयुर्वेदात याचा समूळ नायनाट करणारे औषध आहे. गोळी बंद होते.

माझ्याकडे आलेला एक चाळिशीतला शेतकरी अशाच वाटेने गेला होता. जाहिरात पाहून त्याने इमॅटिनिब सोडले, सात महिने पुड्या घेतल्या. माझ्यासमोर बसला तेव्हा प्लीहा नाभीपर्यंत आली होती आणि रक्तात ब्लास्ट पेशींनी निम्म्याहून अधिक जागा व्यापली होती. पुड्या देणाऱ्याने एकदाही रक्त तपासले नव्हते. रुग्णालयात पाठवूनही तो वाचला नाही. त्याच्या पत्नीने मला एकच प्रश्न विचारला : आयुर्वेदाचे औषध चालू होते, मग असे कसे झाले? त्या पुड्यांच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी आपल्या सर्वांवर येऊन पडते, याची जाणीव मला त्या दिवशी झाली.

काही वर्षे खोल व स्थिर प्रतिसाद मिळालेल्या निवडक रुग्णांत तज्ज्ञ गोळी थांबवून पाहतात. त्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत व्याधी परत उसळत नाही. तो निर्णय मात्र वारंवार पी.सी.आर. करून आणि रक्तविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो.

औषधालय चालकांसाठी

इमॅटिनिबचे पचन यकृतातील सीवायपी३ए४ या विकराकडून होते. पिप्पली व मरिचातील पिपरिन या विकराला अडवते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. म्हणून त्रिकटुयुक्त कल्प किंवा वर्धमान पिप्पली अशा रुग्णास तज्ज्ञांना कळवल्याविना देऊ नये. शंख, कपर्दिका, मौक्तिक यांची भस्मे अम्लता कमी करतात आणि डॅसाटिनिबसारख्या औषधास शोषणासाठी अम्लता हवी असते. निलोटिनिब रिकाम्या पोटी, तर इमॅटिनिब भोजनासह व भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे असते. या औषधांनी यकृताचे अंक बदलू शकतात. त्यावर जड रसकल्पांची भर घातल्यास दोष कोणाचा हे सांगता येत नाही. ही औषधे घेताना गर्भधारणा टाळावी लागते, हेही तरुण स्त्रीरुग्णास सांगावे.

रोहितकारिष्ट, शरपुंखा किंवा यकृत्प्लीहारि लोह यांची बाटली दुसऱ्यांदा मागणाऱ्या ग्राहकास एवढेच विचारावे : रक्त तपासले आहे काय? १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे. फलकावर वा पत्रकात तसा मजकूर असेल तर तो काढून टाकावा.

शेवटी व्यवहारातील क्रम थोडक्यात असा. प्लीहा लागली तर मोजून लिहा. त्याच दिवशी सी.बी.सी. व काचेचे परीक्षण करवा. श्वेतपेशी वाढलेल्या आणि बेसोफिल व मायलोसाइट दिसत असतील तर बीसीआर-एबीएल परीक्षणासाठी रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवा. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा जवळचे वैद्यकीय महाविद्यालय हा मार्ग खुला आहे. श्वेतपेशी लाखाच्या वर असून दृष्टी अंधुक होणे, श्वास लागणे किंवा लिंगाचा वेदनायुक्त स्तंभ ही लक्षणे असतील तर तासाभराचाही विलंब करू नका. रुग्ण औषधावर स्थिर झाल्यावर आहार, निद्रा, अग्नी आणि मन यांची काळजी घेणे, गोळी चुकणार नाही असे पाहणे आणि त्याला पुन्हा पुन्हा तपासणीस पाठवणे, हे काम वैद्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही, कारण तो रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याच गावात राहणार असतो.